प्रतिध्वनीची यंत्रे जगवली कोणी?

गायन पार्टीचा कार्यक्रम ज्याने ऐकला आहे त्याला एक वाक्य पाठ असते. गायक माईक हातात घेतो, घसा साफ करतो आणि साउंडवाल्याकडे बघून म्हणतो, "भाऊ, थोडा इको वाढवा." साउंडवाला एक बटण फिरवतो आणि उघड्या मैदानातला आवाज मोठ्या सभागृहात घुमावा तसा घुमू लागतो. त्या बटणामागे असलेले तंत्र कोणी शोधले? ते पहिल्यांदा कोणत्या यंत्रात आले? आणि ती जुनी यंत्रे चाळीस वर्षांनी बंद पडतात तेव्हा ती कोणाच्या हातून पुन्हा चालू होतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ध्वनितंत्राच्या कोणत्याही इतिहासात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर शोधायला गेलो की हाती फारसे काही लागत नाही.

माझे म्हणणे आधीच मांडतो. डिजिटल ध्वनियंत्रांचा इतिहास शोधक आणि कंपन्या यांच्या नावांवर आटोपला जातो. हा अर्धा इतिहास आहे. उरलेला अर्धा दुरुस्ती करणाऱ्यांचा आहे. तो वाचला तर यंत्राबद्दल कळतेच, शिवाय ज्ञान उघडे कधी असते आणि कुलपात कधी जाते, हेही कळते.

खोलीपासून आकड्यापर्यंत

आवाजाला घुमारा हवा असेल तर पूर्वी खरोखरची खोली लागे. मोठे स्टुडिओ एक रिकामी खोली राखून ठेवत. तिच्यात एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला माईक ठेवून घुमलेला आवाज परत घेत. १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीने ईएमटी १४० हे यंत्र आणले. एका चौकटीत ताणून बसवलेला पोलादी पत्रा आवाजाने थरथरायचा आणि त्या थरथरीतून घुमारा मिळायचा. खोलीची गरज गेली, पण यंत्र उचलायला चार माणसे लागत.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये मॅन्फ्रेड श्रोडर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की खोलीही नको आणि पत्राही नको. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करा, ते आकडे थोड्या थोड्या उशिराने पुन्हा पुन्हा मिसळा, आणि नैसर्गिक वाटणारा घुमारा केवळ गणिताने तयार होतो. कल्पना पक्की होती. पण आकडे साठवायला मेमरी लागते आणि त्या काळी मेमरी सोन्याच्या भावाची होती. त्यामुळे ही कल्पना अनेक वर्षे प्रयोगशाळेतच राहिली.

बाहेर येण्याची वाट मात्र मजेशीर आहे. एमआयटीचे प्राध्यापक फ्रान्सिस ली यांनी हृदयाच्या ठोक्यांच्या तपासणीसाठी एक डिजिटल डिले बनवला होता. बॅरी ब्लेसर यांच्याबरोबर काम करून त्याचे ध्वनियंत्र झाले आणि १९७१ साली डेल्टा टी-१०१ बाजारात आले. ते आवाजाला सेकंदाच्या काही अंशाने उशीर करायचे, एवढेच. याच कामातून लेक्सिकॉन कंपनी उभी राहिली. १९७५ साली न्यूयॉर्कच्या इव्हेंटाइडने एच९१० हार्मोनायझर आणला. टोनी अ‍ॅग्नेलो या अभियंत्याचे हे यंत्र आवाजाची पट्टी वरखाली करू शकत होते. १९७६ साली ब्लेसर यांच्याच सहभागातून ईएमटी २५० आले. डिजिटल रिव्हर्ब विकत घेता येईल असे हे पहिले यंत्र म्हणून ओळखले जाते. दिसायला खोली गरम करणाऱ्या हीटरसारखे, वर मोठमोठे दांडे, आणि किंमत हजारो डॉलर. १९७८ साली लेक्सिकॉनचे २२४ आले. त्याचे गणित डेव्हिड ग्रिसिंगर या भौतिकशास्त्रज्ञाचे होते. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणीगावात एएमएस या छोट्या कंपनीने आपले डिजिटल डिले बनवले.

नंतर किमती कोसळल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यावर यामाहाचे एसपीएक्स९० आले आणि ते जगभरच्या साउंडवाल्यांच्या रॅकमध्ये जाऊन बसले. १९८६ साली कीथ बार यांच्या अलेसिस कंपनीने मिडिव्हर्ब चारशे डॉलरच्या आत विकले. दहा वर्षांपूर्वी जे फक्त बड्या स्टुडिओला परवडत होते ते आता गल्लीतल्या बँडला परवडू लागले.

पुस्तकी इतिहास इथे संपतो. यंत्रे बनली, विकली, नवी आली, जुनी बाजूला पडली. प्रत्यक्षात ती बाजूला पडली नाहीत. आजही अनेक स्टुडिओंत ती रोज चालतात. अशी यंत्रे आपोआप पन्नास वर्षे चालत नाहीत.

ती मरतात कशी?

यंत्र म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायला हवे. त्याशिवाय दुरुस्ती हे डोक्याचे काम आहे हे पटणार नाही.

सर्वात आधी जातो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या पोटात ओलसर रसायन असते. ते वर्षानुवर्षे सुकत जाते. उष्णता जितकी जास्त तितके लवकर. साधारण अंदाज असा की तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. हे कपॅसिटर पॉवर सप्लायमध्ये बसतात, म्हणजे यंत्रातल्या सर्वात तापणाऱ्या कोपऱ्यात. ते सुकले की पाच व्होल्टच्या सरळ रेषेवर लाटा उठू लागतात, आणि आकड्यांवर चालणारे यंत्र गडबडते. कधी मध्येच अडकते, कधी डिस्प्लेवर भलतेच अक्षर दाखवते. नवखा मेकॅनिक प्रोसेसर बदलायला निघतो. जाणता आधी मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप पॉवर सप्लायवर लावतो.

दुसरी मेमरी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ४११६ नावाची मेमरी आयसी सर्रास वापरात होती. तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक बारा, अधिक पाच आणि उणे पाच. यातले उणे पाच नाहीसे झाले आणि बाकीचे दोन चालू राहिले, तर आयसी कायमची जळू शकते. म्हणजे एक किरकोळ रेग्युलेटर गेला की मेमरीची अख्खी रांग जाण्याचा धोका. आता ज्याने नुसती मेमरी बदलली आणि उणे पाच तपासले नाही, त्याची नवी मेमरीही त्याच वाटेने जाते. रोग एका जागी आणि लक्षण दुसऱ्या जागी, हे इथले नेहमीचेच.

मेमरीचा बिघाड कानाने ओळखता येतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या यंत्रांत आवाजाचा प्रत्येक नमुना म्हणजे एक आकडा, आणि तो आकडा बारा किंवा सोळा बिटांचा. ४११६ सारख्या आयसीत एकेका बिटासाठी वेगळी आयसी असते. सोळा बिटांचा आकडा धरला तर सर्वात खालच्या बिटाची किंमत ६५,५३६ पैकी फक्त एक. ती आयसी बिघडली तर हलकीशी खरखर ऐकू येईल किंवा काहीच कळणार नाही. सर्वात वरच्या बिटाची किंमत निम्म्या पल्ल्याएवढी. ती बिघडली तर स्पीकर फाटल्यासारखा कडकडाट होतो. मधली बिघडली तर मधला. म्हणजे आवाज किती वाईट आहे हे ऐकून, रांगेतली कोणती आयसी संशयित आहे याचा अंदाज बांधता येतो. त्यातही रिव्हर्बमध्ये एक अडचण आहे. बाहेर जाणारा आकडा फिरून पुन्हा मेमरीत येतो, त्यामुळे एक चूक कितीतरी वेळ घुमत राहते आणि तिचा उगम झाकला जातो. म्हणून जाणता माणूस आधी घुमारा पूर्ण उतरवतो, यंत्राला साध्या डिलेवर आणतो, आणि मग ऐकतो.

तिसरा बिघाड सर्वात भयंकर, कारण तो बाजारातला सुटा भाग आणून भरून निघत नाही. यंत्राने काय करायचे याचा प्रोग्राम ईप्रॉम नावाच्या आयसीत असतो. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ती शोधली. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते आणि त्यातून अतिनील प्रकाश टाकला की आतला मजकूर पुसला जातो. म्हणून त्या खिडकीवर कागदी लेबल चिकटवलेले असते. ते लेबल गळून पडणेही धोक्याचे. लेबल शाबूत असले तरी आतला विद्युतभार वर्षानुवर्षे थोडाथोडा झिरपत जातो. एक दिवस एखादा बिट शून्याचा एक होतो आणि प्रोग्राम कोसळतो. कपॅसिटर बाजारात मिळतो. ग्रिसिंगरने लिहिलेला प्रोग्राम बाजारात मिळत नाही. तो कोणीतरी आधीच वाचून, जपून ठेवलेला असेल तरच यंत्र पुन्हा उभे राहते.

चौथी बॅटरी. गायकाच्या, स्टुडिओच्या पसंतीच्या सेटिंग लक्षात राहाव्यात म्हणून बोर्डावर छोटी बॅटरी असते. लिथियमची असेल तर ती संपते आणि आठवणी पुसल्या जातात. निकेल-कॅडमियमची असेल तर त्याहून वाईट. ती फुटून तिच्यातला क्षार बोर्डावर पसरतो आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. मग हलक्या व्हिनेगरने क्षार मारायचा, बोर्ड धुऊन वाळवायचा, आणि खाल्लेल्या प्रत्येक रेषेच्या जागी केसासारखी तार टाकायची.

याशिवाय काळे पडलेले आयसी बेस, शॉर्ट होणारे टँटलम कपॅसिटर, सुकलेले सोल्डर. अनेकदा बोर्डावरची प्रत्येक आयसी हलकेच उपसून पुन्हा बसवली की मेलेले यंत्र बोलू लागते. बघणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. चमत्कार काही नसतो, पायांवरचा गंज घासला जातो.

आता सांगा, याला नुसते हाताचे काम म्हणायचे? इथे वीजशास्त्र आहे, रसायन आहे, गणित आहे, आणि वर तयार झालेला कान आहे. तरीही शोधकाला शास्त्रज्ञ म्हणतात आणि याला मिस्त्री. हात आणि डोके वेगळे करून डोक्याला वर बसवायचे आणि हाताला खाली, ही सवय आपल्या ओळखीची आहे. ती अमेरिकेतही आहे आणि जपानमध्येही आहे.

उघडे कागद, बंद चिप

या इतिहासातली एक गोष्ट उलटी वाटेल, पण ती खरी आहे. जितके यंत्र जुने तितके ते दुरुस्त करायला सोपे.

ईएमटी २५० किंवा लेक्सिकॉन २२४ उघडले तर आत बोर्डांची रांग दिसते आणि त्यावर शेकड्याने साध्या लॉजिक आयसी. त्या काळी एका चिपमध्ये सगळे मावत नव्हते, म्हणून अभियंत्यांनी बाजारात मिळणाऱ्या सुट्या आयसी जोडून गणित करणारे यंत्र उभे केले. त्यातल्या कित्येक आयसी किंवा त्यांचे भाऊबंद आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. शिवाय त्या काळच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट डायग्राम असायचा आणि सिग्नल कोठून कोठे जातो याचे लेखी विवेचन असायचे. १९७७ साली ह्युलेट-पॅकार्डने सिग्नेचर अ‍ॅनलायझर हे उपकरण आणल्यावर तर काही उत्पादक डायग्रामच्या प्रत्येक बिंदूवर कोणता संकेत दिसला पाहिजे तेही छापू लागले. संकेत जुळत नाही तिथून मागे मागे जायचे आणि चोर पकडायचा. यंत्र विकणाऱ्याने मानले होते की ते बिघडणार, आणि कोणीतरी अनोळखी माणूस ते दुरुस्त करणार. त्या अनोळखी माणसासाठी ती पाने लिहिलेली होती.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून चित्र बदलले. कंपन्यांनी स्वतःच्या खास चिप बनवल्या. शंभर आयसींचे काम एका चिपमध्ये आले. म्हणूनच तर यंत्र स्वस्त झाले, हे मान्य केले पाहिजे.  पण किंमत दुसरीकडून वसूल झाली. ती चिप कंपनीखेरीज कोणाकडे नाही, आणि ती गेली की यंत्र गेले. उपाय एकच उरतो: तसेच दुसरे मेलेले यंत्र शोधायचे आणि त्याची चिप काढून याला लावायची.

त्यात कंपन्याच राहिल्या नाहीत. एएमएस १९९२ साली नीव्हबरोबर एकत्र झाली. लेक्सिकॉन १९९३ साली हार्मनकडे गेली आणि हार्मन २०१७ साली सॅमसंगकडे. एन्सोनिक १९९८ साली क्रिएटिव्हने घेतली. अलेसिस २००१ साली दिवाळखोरीत निघाली. नाव विकले जाते, ब्रँड विकला जातो. तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचे सुटे भाग आणि कागद सांभाळण्यात नव्या मालकाला नफा दिसत नाही. ज्ञानावर मालकी सांगणारा आहे, पण ते जपणारा नाही, अशी ही अवस्था.

मग जपले कोणी? तळघरात, दुकानाच्या मागच्या खोलीत, रात्री काम संपल्यावर, या दुरुस्तीवाल्यांनी जपले. त्यांनी मॅन्युअलची पाने स्कॅन केली. ईप्रॉम वाचून त्यांच्या प्रती ठेवल्या. कोणत्या यंत्रात आधी काय जाते याच्या याद्या बनवल्या आणि एकमेकांना दिल्या. कायद्याच्या चष्म्यातून पाहिले तर त्यातले काही काम वादग्रस्त ठरेल, कारण प्रोग्रामचा हक्क कंपनीकडे आहे. मी विचारतो, ज्याने प्रत ठेवली नसती तर प्रोग्रामच नष्ट झाला असता, त्याला चोर म्हणायचे की ग्रंथपाल?

वॉटरहाउसचा मिस्त्री

दुरुस्तीवाला फक्त जुने टिकवतो, नवे काही घडवत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला जमैकाचे उदाहरण पुरेसे आहे.

किंग्स्टन शहरातल्या वॉटरहाउस या गरीब वस्तीत ऑस्बोर्न रडॉक नावाचा माणूस रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा. जग त्याला किंग टबी म्हणून ओळखते. स्टुडिओने काढून टाकलेला जुना मिक्सर त्याने घेतला आणि आपल्या घरात बसवला. १९७० च्या दशकात त्याने गाण्यातला गायकाचा आवाज काढून, ढोल आणि बेस उघडा ठेवून, त्यावर इको आणि रिव्हर्ब सोडून 'डब' हा प्रकार घडवला. त्याची साधने टेप आणि स्प्रिंगची होती, डिजिटल नव्हती. पण इफेक्टचे यंत्र हेच वाद्य म्हणून वाजवता येते हे ज्यांनी जगाला शिकवले त्यांत तो पहिल्या रांगेत आहे. आजचे इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच्या ऋणात आहे. त्याच्या हाताखाली तयार झालेला हॉप्टन ब्राउन, म्हणजेच 'सायंटिस्ट', हाही दुरुस्तीच्या कामातूनच आला. १९८९ साली किंग टबीची त्याच्या घराबाहेर गोळी घालून हत्या झाली.

त्याला हे का जमले? यंत्र बाहेरून पाहणाऱ्याला बटणावर लिहिलेले तेवढेच दिसते. ज्याने ते शंभरदा उघडले आहे त्याला माहीत असते की ते कुठवर ताणता येईल आणि कुठे तुटेल. टबीला स्टुडिओचे शिक्षण मिळाले नव्हते. त्याला बिघाडांनी शिकवले होते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: आता सगळे सॉफ्टवेअरमध्ये मिळते, जुने लोखंड कशाला? मिळते हे खरेच. ईएमटी २५० आणि लेक्सिकॉन २२४ दोन्ही आज संगणकात चालणारे प्रोग्राम म्हणून विकले जातात. पण ते बनवायचे तर नक्कल कशाची करायची? जुन्या यंत्राचा आवाज त्याच्या मर्यादांतून आलेला आहे. नमुन्यांचा वेग कमी, त्यामुळे वरचे सूर कापलेले. आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाची स्वतःची खरखर. मेमरी कमी म्हणून गणितात केलेल्या युक्त्या. हे सगळे मोजायला नीट चालणारे मूळ यंत्र टेबलावर लागते. बिघडलेले यंत्र मोजले तर बिघाडाची नक्कल होईल. म्हणजे सॉफ्टवेअरच्या डब्यावर कंपनीचे नाव असते आणि त्याच्या पायाशी एका दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न असते.

दुसरा आक्षेप: ही श्रीमंत स्टुडिओंची हौस आहे, आपल्या पोरांनी याचे काय करायचे? हा आक्षेप गंभीर आहे. लेक्सिकॉन २२४ आपल्या वस्तीत कोणाकडे नाही, असण्याची शक्यताही नाही. पण एसपीएक्स९० च्या पिढीची यंत्रे ऑर्केस्ट्रावाल्यांच्या आणि साउंडवाल्यांच्या पेट्यांत होती आणि काही अजून आहेत. ती भंगारात किलोवर जातात, मग कोणीतरी उघड्या हातांनी ती फोडतो आणि शिशाचा धूर छातीत घेतो. तेच यंत्र दुरुस्त झाले तर कोणाची तरी रोजीरोटी होते. आणि जो एक कपॅसिटर नीट मोजायला शिकला त्याला मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर, इस्पितळातली साधने, सगळ्यांची वाट उघडते. बिघाडाचे तर्कशास्त्र सगळीकडे एकच आहे.

प्रश्न ध्वनियंत्रांपुरता नाहीच. सर्किट डायग्राम द्यायचा नाही, सुटा भाग विकायचा नाही, प्रोग्रामला कुलूप लावायचे, ही रीत आता मोबाईलपासून ट्रॅक्टरपर्यंत पोहोचली आहे. त्याविरुद्ध जगभर 'दुरुस्तीचा हक्क' मागितला जातो आहे. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये तसा कायदा केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्याच वर्षी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पोर्टलवर कंपनी देईल तेवढीच माहिती मिळते. कायद्याने ती मागता येते. हा फरक आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मित्रांनो, एक काम सुचवतो. आपल्या भागातल्या जुन्या साउंडवाल्याकडे, रेडिओ मेकॅनिककडे जाऊन बसा. त्यांनी कोणती यंत्रे उघडली, कोणता बिघाड कसा शोधला, कागद नसताना काय केले, हे विचारा आणि लिहून घ्या. फोनवर रेकॉर्ड करा. त्यांच्याकडे पिवळी पडलेली मॅन्युअल असतील, त्यांचे फोटो काढा. आणि जमले तर पुढच्या रविवारी सोल्डरिंग आयर्न हातात घ्या. बंद यंत्राची वायर आधी भिंतीतून काढा, मोठा कपॅसिटर रिकामा होऊ द्या, आणि मग झाकण उघडा. पाच व्होल्ट नीट आहेत का, तिथून सुरुवात करा.